कोणाकडे उतरलात?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं : 'विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून मुंबईकडे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. सरांनी ते वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "बरं. माणूस बोटीने मुंबईला आला. उतरला कुठे?"

"भाऊच्या धक्क्यावर," मी म्हणाले. एवढं तर कोकणातल्या कुठल्याही घरात ठाऊक असतं.

"ते बोटीतून. त्यानंतर? त्या रात्री पाठ कुठे टेकली त्याने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा पानांच्या सिनॉप्सिसमध्ये नापिकी होती, खोतांचा जाच होता, गिरण्यांची भरभराट होती, पुश फॅक्टर होता, पुल फॅक्टर होता. माणूस मात्र ट्रंक घेऊन धक्क्यावरच उभा राहिला होता. मी त्याला तिथे सोडून थेट गिरणीतल्या मस्टरवर त्याचं नाव शोधायला गेले होते.

तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही महिन्यांत सिनॉप्सिस लिहिणार आहेत. म्हणून आज या एका प्रश्नाची गोष्ट सांगते. दूरच्या शहरात काम शोधायला निघालेल्या माणसाचा इतिहास लिहायचा असेल तर कुठून सुरुवात करायची, हे मला या प्रश्नाने शिकवलं. वाटेत माझ्या घरातली एक आवडती गोष्टही त्याने मोडली. तीही सांगते.

'का' पुरतं झालं, 'कसा' राहिला

आधी पार्श्वभूमी. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. १९२०च्या दशकापर्यंत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांत दीड लाखाच्या घरात कामगार. १८७२च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती. १९२१मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. त्या १९२१च्या मुंबईत शहरातच जन्मलेली माणसं होती शंभरात जेमतेम सोळा! बाकी सगळे कुठून ना कुठून आलेले. त्यातही सगळ्यांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा, दोन लाखांहून जास्त. (इथे एक काळजी घ्या. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सगळे त्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१मध्ये. जुन्या आकड्यांवर नवा नकाशा ठेवलात की गडबड झालीच म्हणून समजा.)

माणसं का निघाली, याचं उत्तर सरकारी कागदांत भरपूर सापडतं. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमलं गेलं होतं. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा की, शहर मजुराला ओढून घेत नाही, गाव त्याला ढकलून देतं. कोकणापुरतं हे पटण्यासारखंच आहे. वर्षाला एक भातपीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि पिकलेल्यातला वाटा खोताच्या घरी. घरचं धान्य पुढच्या पिकापर्यंत पुरायचं नाही. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडावं लागलं.

पण बघा, 'का'चं हे उत्तर सगळ्या कोकणाला सारखंच लागू पडतं. भूक सगळ्यांनाच होती. मग एकाच वाडीतला एक जण परळच्या गिरणीत, दुसरा गोदीत, तिसरा कोणाच्या तरी घरी भांडी घासायला आणि चौथा गावातच, असं का झालं? धान्य पुरत नव्हतं एवढ्याने हे उलगडत नाही. त्यासाठी 'कसा' विचारावं लागतं. कोणी कळवलं? बोटीचं भाडं कोणी दिलं? आणि सरांचा तो प्रश्न, उतरला कुठे?

मराठीत 'उतरणे' या शब्दाची गंमत आहे. आपण बोटीतून, गाडीतून उतरतो आणि माणसाकडेही उतरतो. 'मुंबईला गेलास तेव्हा कोणाकडे उतरलास?' असं आपण अजूनही सहज विचारतो. मला हवा असलेला संशोधनप्रश्न भाषेत आधीपासूनच होता. मी इंग्रजी पुस्तकांतून पुश-पुल शोधत बसले होते, एवढंच.

पंचेचाळीस रात्री

पहिल्या रात्रीचा शोध घेताना मला कळलं की प्रश्न एका रात्रीचा नाहीच. हिशेब करून बघा.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हातात पडे. म्हणजे एखाद्याला एक तारखेला काम मिळालं, तरी पहिला पैसा दिसायला सहा आठवडे. आणि एक तारखेला काम मिळणार कसं? नवा माणूस आधी ओळखीच्या कामगाराशेजारी उभा राहून काम शिके, बिनपगारी. मग बदली म्हणून रोज पहाटे गिरणीच्या फाटकावर जाऊन थांबायचं. भोंगा झाला, आत कोण आलं नाही हे दिसलं की मुकादम बाहेरच्यांतून माणसं उचलणार. आज उचललं, उद्या नाही. १९३५मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डं देऊन या भरतीला शिस्त लावायचा प्रयत्न केला. तोपर्यंत सगळं मुकादमाच्या नजरेवर. त्याची नजर आपल्याकडे वळावी म्हणून दस्तुरीही द्यावी लागे.

मग या सहा आठवड्यांत, कधी तीन-तीन महिन्यांत, हा माणूस खायचा काय? राहायचा कुठे?

इथे गिरणगावातल्या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली, गावकीची खोली, म्हणजे गाळा. एका गावच्या किंवा आसपासच्या वाड्यांच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, दर महिन्याला वर्गणी काढायची. ट्रंका भिंतीला, वळकट्या वर. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा होणार. दुसरी गोष्ट खानावळ. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळा दहा-वीस माणसांना जेवू घातलं. पैसे पगार झाल्यावर. (१९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना घेऊन.) तिसरी गोष्ट उधारी, म्हणजे वाण्याची वही.

आता या तिन्हींत काय समान आहे ते बघा. गाळ्यात वर्गणी न भरता झोपायचं तर कोणीतरी म्हणावं लागतं, 'हा माझा भाचा, याचं मी बघतो.' खानावळवाली अनोळखी माणसाला महिनाभर उधार जेवण देत नाही. कोणीतरी त्याला घेऊन यावं लागतं. वाणीही तसाच. मुकादमाकडे शब्द टाकायलाही कोणीतरी हवंच.

म्हणजे ओळख ही नुसती आपुलकी नव्हती, ती जामीन होती. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्याकडे पंचेचाळीस रात्री काढायला एवढंच भांडवल असे : माझ्याबद्दल शब्द देणारा माणूस या शहरात आहे.

हे लक्षात आलं आणि माझ्या सिनॉप्सिसमधला एक मोठा गैरसमज गळून पडला. 'काम शोधायला दूरच्या शहरात गेला' हे वाक्य बहुतेक वेळा उलटं असतं. माणूस अनोळखी शहरात नाही, ओळखीच्या माणसाकडे जात होता. कामाचा शोध गावातच सुरू झालेला असे. गणपतीला, शिमग्याला आलेल्या चाकरमान्याच्या पायरीवर बसून, 'माझ्या पोराचं काय बघशील काय' म्हणत.

राजनारायण चंदावरकर यांचं मुंबईच्या गिरणी कामगारांवरचं पुस्तक १९९४मध्ये आलं. ते जाड आहे, घाबरवतं, पण वाचाच. गिरणीच्या फाटकाच्या आत जे घडतं ते समजायला फाटकाबाहेरची वस्ती समजून घ्यावी लागते, हा त्यांचा मुद्दा. गिरणीमालक आणि अधिकारी सगळ्या दुखण्याचं खापर मुकादमावर फोडत. चंदावरकर दाखवतात की मुकादमाची सत्ताही या शेजारपाजारावर, गावकीवर अवलंबून होती. माणसं पाठीशी नसतील तर मुकादम नुसता पगारी नोकर. कमिशनपुढच्या साक्षी वाचताना म्हणून आधी बघायचं, बोलतंय कोण, आणि मुकादमाला नावं ठेवून त्याची कुठली जबाबदारी टळते आहे.

आतेआजीची चाळीस मिनिटं

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं की पणजोबा १९२६-२७च्या सुमारास 'खिशात दमडी नसताना, स्वतःच्या हिमतीवर' मुंबईला आले आणि गिरणीत लागले. लग्नकार्यात, बारशात ही गोष्ट झालेलीच. मला काही जमलं नाही की बाबा म्हणणार, "पणजोबांना आठव."

पणजोबांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आतेआजी, ऐंशी पार केलेली. मी फोनचा रेकॉर्डर लावून तिच्यासमोर बसले. पहिला प्रश्न शिकवल्याप्रमाणे : "पणजोबा मुंबईला का आले?"

"पोटासाठी. अजून कशासाठी?" संपलं. वीस सेकंद.

मग मी विचारलं, "कोणाकडे उतरले होते?"

त्यानंतर ती चाळीस मिनिटं बोलत होती. पणजोबा त्यांच्या मामांकडे उतरले होते, लालबागच्या गाळ्यात. गाळ्यात वीस-बावीस जण. मामांनीच बोटीचं भाडं पाठवलं होतं. मामा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. पणजोबा त्यांच्या साच्यापाशी उभे राहून काम शिकले. मुकादम शेजारच्याच गावचा, मामांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. जेवण गावच्याच एका बाईंकडे. आतेआजी त्यांना अजून 'मावशी' म्हणते, नात्याने कोणी नसताना.

मुलाखत घ्यायला जाणार असाल तर हे लिहून ठेवा. 'का' विचारलंत की माणूस तुम्हाला निष्कर्ष देतो. 'कोणाकडे', 'किती वाजता', 'जेवायला काय होतं' विचारलंत की तो आठवायला लागतो. गिरणगावातल्या कामगारांच्या मुलाखतींचं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे पुस्तक २००४मध्ये आलं. माणसांना आठवू दिलं की काय काय बाहेर येतं, हे बघायला ते जरूर चाळा.

घरी परतताना मात्र मला थोडं वाईट वाटत होतं. 'स्वतःच्या हिमतीवर' राहिलं कुठे? हिंमत होतीच, मी नाही म्हणत नाही. पण त्या हिमतीखाली मामांचं भाडं, मावशींची उधारी आणि मुकादमाला टाकलेला शब्द होता. गोष्टीतून ही सगळी माणसं गळून पडली होती आणि एकटे पणजोबा उरले होते.

ओळखीचं दुसरं टोक

मुलाखत संपवताना मी एक प्रश्न सहज विचारला. आमच्या गावात आज जिला बौद्धवाडी म्हणतात, तो तेव्हाचा महारवाडा. "तिथले कोणी आले नव्हते मुंबईला?"

"आले की. त्याच बोटीने यायचे."

"मग ते कुठे उतरायचे?"

आतेआजी थांबली. "आपल्या गाळ्यात नव्हते," ती म्हणाली. मग चहा ठेवायला उठली.

रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी भांड्यांचा आवाज आहे. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण तिथे सुरू होतं.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखातं हे जास्त मजुरीचं खातं. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरू दिलं जात नव्हतं. कारण सांगत ते असं : धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळ होतो. ते बहुतेक कातणीच्या थ्रॉसल खात्यात राहिले, जिथे मिळकत कमी. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. नुसती 'कामगारांची एकजूट' म्हणून तो टाळण्यासारखा नव्हता.

आता त्याच काळातलं एक वेगळं चित्र शेजारी ठेवा. मदनपुरा या मुंबईच्या भागात उत्तर भारतातून आलेल्या मुस्लिम विणकरांची, जुलाह्यांची, मोठी वस्ती होती. आझमगडसारख्या भागातून, पंधराशे किलोमीटरच्या घरात अंतर तोडून, वेगळी भाषा बोलणारी ही माणसं मुंबईत येत आणि साच्यापर्यंत पोचत. हातमागाचं कसब अंगात होतं आणि आधी येऊन बसलेले नातेवाईक मदनपुऱ्यात होते.

आणि आमच्याच गावातला, आमच्याच बोटीतून उतरलेला, गिरणीपासून हाकेच्या अंतरावर झोपणारा माणूस त्या साच्यापर्यंत पोचत नव्हता.

मग दूर कोण होतं? माझ्या प्रबंधाचा कणा हाच प्रश्न आहे. नकाशावर मोजलेलं अंतर आणि कामापर्यंतचं अंतर ही दोन वेगळी मापं आहेत. दुसरं माप ओळखीने ठरतं. आणि ओळख जातीने, धर्माने, बाई की पुरुष यावरून ठरते.

महारवाड्यातल्या माणसांनाही ओळखी होत्याच. त्या त्यांना गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीत, थ्रॉसल खात्यात घेऊन गेल्या. त्याआधीच्या पिढीत त्या लष्कराकडे नेत. दापोलीत पेन्शनीत निघालेल्या महार सैनिकांची वस्ती होती, ती त्यामुळेच. सवाल असा की कोणाची ओळख कुठल्या दारापर्यंत पोचते. बायकांचं तेच. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता, पण मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या दोनच खात्यांत. तिथे मुकादमाच्या जागी नाईकीण असे. बाईची ओळख नाईकिणीपर्यंत, तिथून पुढे नाही.

मामांनी मुकादमाला टाकलेला शब्द पणजोबांना आत घेऊन गेला. तोच शब्द, तसेच शेकडो शब्द, त्याच खात्याचं दार दुसऱ्यांसाठी बंद ठेवत होते. पणजोबा वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी कोणाला अडवल्याची नोंद माझ्याकडे नाही. पण त्यांना अडवलं गेलं नाही, हीसुद्धा इतिहासातली एक नोंदच आहे. ती मला माझ्याच घराबद्दल लिहावी लागली.

काम आहे, जागा नाही

पहिल्या रात्रीचं उत्तर लिहून ठेवणारा एक माणूस आपल्याला माहीत आहे. १९१७मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याला गेले. काम शोधायचं नव्हतं, ते ठरलेलं होतं; संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले होते आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायची होती. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण, महाराजांची नेमणूक, सगळं हातात. आणि प्रश्न एकच उरला : उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. मित्रांकडे विचारून पाहिलं, जमलं नाही. शेवटी एका सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात हे सगळं आहे.

आपण हा प्रसंग अन्यायाची गोष्ट म्हणून वाचतो, आणि ती आहेच. आता ती संशोधकाच्या नजरेने पुन्हा वाचा. काम मिळणं आणि दूरच्या गावी टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे उघडं दिसतं. माझ्या पणजोबांकडे पदवी नव्हती, नेमणूक नव्हती, भाडंही नव्हतं. पण गाळा होता. इकडे बाकी सगळं होतं, गाळा तेवढा नव्हता. स्थलांतराच्या अभ्यासात 'शिक्षण', 'कौशल्य', 'मजुरीतला फरक' असे रकाने असतात. 'पाठ टेकायला जागा' असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

जे मस्टरवर नाहीत

शेवटची गोष्ट पद्धतीबद्दल. आपण वापरतो ती साधनं कोणाला पकडतात आणि कोणाला सोडतात, हे आधीच विचारून घ्या.

जनगणना त्या रात्री हजर असलेल्यांना मोजते. १९११ची १० मार्चला झाली, १९२१ची १८ मार्चला. मार्च म्हणजे कोकणात पीक घरात आलेलं आणि पेरणी अजून लांब. तोच आकडा जुलैमध्ये, लावणीच्या दिवसांत घेतला असता तर? त्यातून पावसाळ्यात बोटी बंद. 'मुंबईतले रत्नागिरीकर' हा आकडा वर्षभर एकच राहणारा नव्हता.

दोन तक्ते शेजारी ठेवायची सवय लावा. १९२१मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त. एक तक्ता नुसता बघितला तर 'पुरुषांचं शहर' दिसतं. दोन्ही बघितले की कळतं, शहरातल्या त्या गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गावात शेत, म्हातारी आणि पोरं सांभाळणारी एक बाई आहे. टपाल खात्याने १८८०मध्ये मनीऑर्डर सुरू केली. गाळा आणि गाव यांना जोडणारा तो कागद. पण बाईने गावात केलेल्या कामाची मनीऑर्डर उलट दिशेने जात नव्हती, म्हणून त्याची नोंदही नाही.

आणि ज्यांना काम मिळालंच नाही? जे महिनाभर फाटकावर उभे राहिले, उधारी वाढली, मामाचा चेहरा बदलला आणि परत बोटीत बसले, ते कुठल्या मस्टरवर आहेत? कुठल्याच नाही. कामगारांचा इतिहास आपण काम मिळालेल्यांच्या कागदांवरून लिहितो. प्रत्येक यशस्वी पणजोबांमागे असे काही जण असणार. त्यांच्या घरात ही गोष्ट बारशाला सांगत नसतील. मला आजवर असं एकच कुटुंब भेटलंय. ते म्हणाले, "आमचे आजोबा मुंबईला गेले नव्हते." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे, जाऊन आले होते." प्रबंधात त्यांच्यासाठी अर्धं पान आहे. त्याहून जास्त लिहिता येईल एवढा पुरावा नाही, आणि जेवढा पुरावा तेवढंच लिहायचं.

तुमच्यासाठी एक काम

सिनॉप्सिस लिहायच्या आधी घरातल्या किंवा ओळखीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा : तुमच्याकडचं पहिलं माणूस गाव सोडून कामाला गेलं तेव्हा ते कोणाकडे उतरलं होतं? भाडं कोणी दिलं? पहिला पगार होईपर्यंत कोणी जेवू घातलं? आणि त्याच बोटीने, त्याच एसटीने, त्याच रेल्वेने आलेलं दुसरं कोण होतं, जे तिथे उतरू शकलं नाही? चौथा प्रश्न सोडू नका. उत्तर चटकन येणार नाही. थांबा. चहा येऊ द्या.

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता असं आहे : 'मुंबईत काम शोधणाऱ्या माणसाला कामाआधी कोणाचा तरी शब्द लागे, तो शब्द कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, याचा हा अभ्यास आहे.' सरांनी यावर पेन्सिल चालवली नाही. फक्त 'शब्द' खाली एक रेघ मारली.

तिसरं प्रकरण लिहून झाल्यावर मी आतेआजीला वाचून दाखवलं, गाळ्याचा भागही आणि साचेखात्याचा भागही. आधी विचारल्याशिवाय घरातलं छापायचं नाही, हा माझा नियम. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाली, "खरं आहे ते लिही." आणि मी वही मिटत होते तेव्हा म्हणाली, "पण मावशींचं जेवण पण लिही हो. तीन महिने उधार घातलंन."

दोन्ही लिहिलंय.